शेपटाला बांधलेला दोर

डॉल्फिन बघायला आम्ही समुद्रावर गेलतो ते थोरल्या दिरांसाठी. उन्हाळ्यात त्यांची लाडकी म्हैस गोठ्यात बसली ती उठलीच नाही, आणि त्या दिवशी भावजी नेमके पाहुण्यांच्या लग्नाला गेलेले. आख्ख्या गडमुडशिंगीत कुणाचं जनावर बसलं की यांना हाक यायची, आणि घरचीच म्हैस यांच्या माघारी गेली. तेव्हापासून त्यांचं अन्नावरचं मनच उडालं. मी घरात असतो तर वाचली असती, एवढं एकच वाक्य घेऊन ते घरभर फिरायचे. ऐकून ऐकून आम्ही सगळे कावलो. शेवटी माझा नवरा म्हणाला, चला, जरा बाहेरचं वारं लागू दे दादाला. आमची जीप काढली आणि मलकापूरवरनं आंबा घाट उतरून रत्नागिरीकडं गेलो.

बोटीतला तमाशा सांगण्यासारखा नाही. लांब पाण्यात काळ्या पाठी दिसल्या आणि चहूबाजूंनी बोटी त्यांच्यावर तुटून पडल्या. इंजिनांचा धूर, शिट्ट्या, नुसता कालवा. ती बिचारी बुडी मारायची आणि वर आली की पुन्हा सगळे त्यांच्या मागं. आमच्या बोटीतला एक दांडगा गडी तर त्यांना उठवायला रिकाम्या बाटल्या फेकून मारायला लागला. मी त्याच्या हातातली बाटली हिसकावून घेतली आणि तुझ्याच टाळक्यात घालू का म्हणून विचारलं. नवरा माझा पदर ओढत होता. भावजी खाली मान घालून बसलेले.

बोट किनाऱ्याला लागली तर पुढं वाळूत ही गर्दी. मधोमध देवमाशाचं पिल्लू. पिल्लू म्हणायचं आपलं, होतं आमच्या ट्रॉलीएवढं. ओहोटीचं पाणी लांब गेलेलं आणि हे कोरड्यात जिवंत पडलेलं. डोक्यावरचं भोक उघडायचं, फस्सकन श्वास सुटायचा, परत मिटायचं. एक बाई त्याच्या पाठीवर लेकराला बसवून फोटो काढत होती. एक जण कातडं किती जाड आहे ते बुटाची टाच हाणून बघत होता. माझं डोकंच सटकलं. त्याला बखोटीला धरून ढकलला, तो वाळूत आपटला, उठून माझ्या अंगावर आला, तशी माझ्या नवऱ्यानं त्याच्या कानाखाली काढली. एरवी हा माणूस कुत्र्यालाही हाड म्हणत नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिथल्या कोळ्यांनी पोती भिजवून पिल्लाच्या अंगावर टाकली. वनखात्याचा फोन आला होता, आम्ही पोचेपर्यंत ओलं ठेवा, ओढाओढ करू नका म्हणून. भरती लागली की पाणीच त्याला उचलेल असं कोळी सगळ्यांना सांगत होते.

भावजींनी ते ऐकलं की नाही देव जाणे. पिल्लू बघितल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर जीव आला होता. बसलेलं जनावर मागच्या अंगानं उठतं, म्हणून म्हैस उठवताना आमच्याकडं शेपटालाच जोर लावतात. त्यांनी जीप वाळूत आणली, तिच्यातला जाड दोर काढला, शेपटाच्या बुडाशी आवळून गाठ मारली आणि दुसरं टोक जीपला अडकवलं. जीपचं तोंड पाण्याकडं. कोळी आडवे आले तर एकाला छातीवर हात देऊन मागं सारला. थोरल्या दिरापुढं आवाज चढवायची आमच्यात रीत नाही. मी चढवला.

"भावजी, ही म्हस न्हवं. सोडा तो दोर."

"तू बाजूला हो. एक गेली माझ्या माघारी. हे न्हाय जाऊ देणार."

भावजींनी चढून जीप सुरू केली. दोर ताणला, कातड्यात रुतला आणि रक्त आलं. भावजींनी आणखी जोर दिला. पिल्लानं सगळं अंग पिळलं आणि आत कुठंतरी काडकन मोडलं. तो आवाज इंजिनाच्या वर ऐकू आला. मी दगड उचलला आणि जीपच्या काचेवर घातला. काच फुटून भावजींच्या कपाळात घुसली. तेव्हा कुठं जीप थांबली.

दोर सोडला, पण शेपूट तसंच पडून राहिलं. भरती आली, पाण्यानं पिल्लाला उचललं, आम्ही सगळ्यांनी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन रेटलं. शेपूट हलेना. लाट त्याला उलटं करायची आणि परत वाळूवर आणून आपटायची. फेस लाल झाला होता. श्वास लांबत लांबत गेले आणि मग भोक उघडलंच नाही. वनखात्याची गाडी त्यानंतर आली.

भावजी पाण्यातच त्याच्या डोक्याला हात लावून उभे होते. कपाळाचं रक्त डोळ्यात उतरत होतं, ते पुसतही नव्हते. मी जवळ गेले आणि पदरानं पुसायला लागले.

"मी त्या दिवशी घरात असतो," ते म्हणाले, "तर तिलाबी असंच मारलं असतं का गं?"

मला घरात तोफ म्हणतात. न्हाय, एवढंच म्हणायचं होतं. मी नुसती पुसत राहिले.