सप्तरंगीची मुळी आणि अर्धा धोटा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवासमोर डोळे मिटूनही नाही. आणि मी कोण? — तर ज्याच्या गप्पांपायी शहापुरात लग्नाच्या पंगती थंड होतात, तो माणूस! सगळं सांगत आलो. एवढंच गिळलं.

आक्का माझी थोरली बहीण. जन्मभर हातमागावर साड्या विणल्या आणि साठीत शुगर निघाली. तिची मुलगी फार्मसी शिकलेली. तिनं सांगितलं, रानातल्या सप्तरंगीच्या मुळीत असं काही असतं, की पोटात भाताची साखर करणारी एन्झाइम्स अडून बसतात. साखर रक्तात सावकाश उतरते. डॉक्टर म्हणाले, घ्या हवं तर, पण गोळ्यांच्या जोडीला. गोळ्या सोडायच्या नाहीत.

मुळी आणायची कामगिरी माझ्याकडे. जांबोटीच्या पुढे एका वाडीवर एक म्हातारे वैद्य ती देतात, असं कळलेलं. जांबोटीला उतरलो — आणि पाऊस असा, की समोरची म्हैस दिसेना. वाडी तिथून दोन तास चालत. स्टँडवर भजी तळत होते. मी भजी खाल्ली. अजून एक प्लेट खाल्ली. आणि त्याच बसनं परत आलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर? — तर हा नुसता आळस ठरला असता.

पण माझ्या माळ्यावर आक्काच्या जुन्या मागाचं सामान होतं. त्यात तिचा चिरलेला धोटा. मागावरच्या उभ्या धाग्यांतून आडवं सूत घेऊन धावणारी ती लाकडी होडी. मी तिच्या ढलप्या काढल्या, काताच्या पाण्यात उकळल्या, वाळवल्या. झाली सप्तरंगी! वर गोष्ट जोडली — जळवा, निसरडी वाट आणि वाटेत आडवा उभा गवा.

आक्काचे डोळे भरून आले. "व्हय रं, माझ्यासाठी एवढं चाललास?"

खरं सांगू? मला ते आवडलं. फार आवडलं. दर महिन्याला मी नव्या ढलप्या काढल्या, आणि दर महिन्याला गवा मोठा होत गेला. आक्का स्वतःचाच धोटा भिजवून पीत राहिली. "तुरट हाय, गुण येणारच," म्हणायची.

मग एक दिवस आक्काच्या मुलीनं तिला विचारलं, संध्याकाळची गोळी का घेत नाहीस? आक्का म्हणाली, "माझ्या भावाची मुळी हाय की. गोळी कशाला?"

मी तिथंच बसलो होतो. समोर. एक वाक्य पुरलं असतं. मी — आणखी थोडा चहा मागितला.

माझा गुन्हा तो. धोटा नव्हे, तो चहा.

पुढं पायाच्या अंगठ्याला जखम झाली, चिघळली. अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी हॉस्पिटलात बसून इतर पेशंटांना हसवत होतो. मुळी संपली, असं आक्काला सांगून टाकलं. गोळ्या पुन्हा नीट सुरू झाल्या, आणि अंगठा वाचला. जखम भरली. गेल्या आठवड्यात आक्का स्वतःच्या चपला घालून बाजारात आली आणि मला खव्याचा गोड कुंदा घेऊन दिला. "मी न्हाय खात बाबा. तू खा, तुला कुठं शुगर हाय!"

कुंदा तोंडात असताना म्हणाली, "आता पाय बरा हाय. मला जांबोटीला ने. त्या म्हाताऱ्याच्या पाया पडायचंय. दोन तास काय, चार तास चालंन."

चालेलही ती. तिचा पाय पाहून मला इतका आनंद झाला, आणि त्याच पायाची इतकी भीती वाटली.

उरलेला अर्धा धोटा पिशवीत घातलाय, लोखंडी टोकासकट. उद्या सकाळी तो आक्काच्या हातात ठेवणार. तिचा हात ओळखेल. मग जे घडलं ते सांगेन — भजी, कात, चहा. गवा मध्ये येणार नाही.