मुद्दाम चुकलेला गंधार

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू पेढ्यांचा पुडा घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "अभिनंदन हो! काल काय रडवलंय तुमच्या मुलीने!" मुलगी माझी नव्हे, माझ्याकडे गाणं शिकणारी. आणि रडवलं म्हणजे तिने काय केलं होतं? आदल्या रात्री टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत ती चुकली होती. तीन वर्षं ती बरोबर गात होती तेव्हा या काकूंनी एकदा बेल वाजवली होती, ती आवाज कमी करा म्हणून.

मी बिबवेवाडीत राहते. शाळेतली संगीत शिक्षिकेची नोकरी संपल्यापासून घरातल्या पुढच्या खोलीत सात-आठ मुलींना शिकवते. माझ्या वर्गाचा नियम एकच आहे, आणि तोही माझा नाही, माझ्या गुरूंचा आहे. गाताना सूर सुटला की थांबायचं, कानाच्या पाळीला हात लावायचा आणि त्याच जागेपासून पुन्हा सुरू करायचं. रागावणं नाही, माफी मागणं नाही, लाजणं तर अजिबात नाही. बाईंनी सांगण्याआधी आपल्या कानाला कळलं, एवढंच त्या हाताने सांगायचं. हे वाटतं तेवढं सोपं नाही. चुकल्याचं ऐकू येणं हेच गाण्यातलं निम्मं शिक्षण आहे, आणि काही जणींच्या वाट्याला ते आयुष्यभर येत नाही.

ही मुलगी लोणी काळभोरहून यायची. दोन बस बदलून, रविवारी सकाळी साडेसातला, डब्यात पोळीचा लाडू घेऊन. वडिलांचं सोलापूर रस्त्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान, जळालेल्या बोअरच्या मोटारी भरून देण्याचं. आवाज असा की पहिल्या दिवशी मी पेटीवरचा हात काढून घेतला. पण तिचा एक दोष होता. तार सप्तकातला गंधार तिचा किंचित उतरायचा. किंचितच, केसभर. मी भुवई उंचावली की तिला कळायचं, आणि मग तिचा हात कानाला जायचा. म्हणजे तिला सूर कळत नव्हता, माझी भुवई कळत होती.

दोन वर्षं मी त्या एका गंधारामागे लागले होते. एका रविवारी ती गाता गाता थांबली. माझी भुवई जागच्या जागी होती, कारण खरं सांगायचं तर मलाही काही खटकलं नव्हतं. तिने कानाला हात लावला, पुन्हा वर गेली, आणि आता तो गंधार जिथे लागला तिथे तो लागल्यावर मला कळलं की आधीचा खरंच उतरला होता. माझ्याआधी तिला ऐकू आला होता. मी चहाच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. हे तिला मी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

स्पर्धेला जायचं की नाही, हे तिने मला विचारलं होतं. मी हो म्हटलं. लोकांना दोष देण्याआधी हे लिहून टाकलेलं बरं. मला वाटलं, असा आवाज घरोघरी जाऊ दे. आणि टीव्हीवर तिच्या नावाखाली माझंही नाव येईल हे मला वाटलं नव्हतं, असं मी म्हटलं तर ते खोटं होईल.

मग चॅनलची मंडळी तिच्या घरावर फिल्म काढायला आली. स्पर्धा गाण्याची, पण आधी घर बघायचं, मुलगी बघायला आल्यासारखं. तिचे वडील मला फोनवर सांगत होते, "बाई, त्यांनी फ्रिजवर चादर टाकली. म्हणले, दिसायला नको. मला हातातलं घड्याळ काढायला लावलं. आता फ्रिज हाय तर हाय, त्यात लपवायचं काय? आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात उभं करून म्हणत्यात, इथंच रियाज करते का म्हणून विचारतो, तुम्ही मान हलवा." त्यांनी मान हलवली होती. पोरीचं भलं होईल म्हणून हलवली होती. मी त्यांच्यावर चिडले.

चार दिवसांनी तीच मंडळी माझ्याकडे आली तेव्हा मी काय केलं? एक तरुण मुलगी होती, त्यांच्यात तिला क्रिएटिव्ह म्हणतात. ती म्हणाली, "मॅम, हा इलेक्ट्रॉनिक तानपुरा नको, फील नाही येत. तो कोपऱ्यातला मोठा घ्या ना." त्या कोपऱ्यातल्या तानपुऱ्याच्या तारा वर्षभर लावलेल्या नव्हत्या. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "चालेल मॅम, आवाज आम्ही नंतर टाकतो." आणि मी, चाळीस वर्षं सुराच्या नावाने मुलींचे प्राण खाणारी बाई, नवी इरकल नेसून तो बेसूर तानपुरा मांडीवर घेऊन छेडत बसले. आमचे हे दारात उभे होते. मंडळी गेल्यावर एवढंच म्हणाले, "छान वाजवलात. आवाज तेवढा टाकायचा राहिलाय."

पहिले काही आठवडे ती सुंदर गायली. म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. तिचं गाणं कापून एवढंसं दाखवायचे, आणि परीक्षक "छान, बाळा" म्हणून पुढच्याकडे वळायचे. पुढचा कोण, तर गाताना मध्येच नट्यांची नक्कल करणारा एक जण. त्याच्यासाठी परीक्षक खुर्च्यांवर चढून नाचायचे. माझं त्या नक्कल करणाऱ्याशी भांडण नाही. पोट धरून हसवायचा तो. त्याची स्पर्धा वेगळी घ्या आणि तिला वेगळं नाव द्या, एवढंच माझं म्हणणं आहे. पाटी गाण्याची लावायची आणि आत भलतंच विकायचं, हे कुठल्या दुकानदाराने केलं तर आपण पेठेतल्या पेठेत त्याची अब्रू काढू. इथे मात्र कुटुंबच्या कुटुंब ताटं घेऊन समोर बसतं.

मग तो भाग आला. एका जुन्या भावगीताच्या दुसऱ्या कडव्यात ती वर गेली आणि तिचा गंधार उतरला. ती थांबली. तिने कानाला हात लावला. मागचे वादक गोंधळून बंद पडले. आणि तिने त्याच जागेपासून पुन्हा उचललं, एकटीने, साथीशिवाय. इतका स्वच्छ लागला तो सूर की मी सोफ्यावरून उठून उभी राहिले. मला वाटलं, आता तरी कुणी बोलेल. म्हणेल, की बघा, या वयात हिला स्वतःचा उतरलेला सूर ऐकू आला.

ते सोडून सगळं झालं. तिचा कानावरचा हात हळू करून पाच वेळा दाखवला. त्याच्याखाली बासरी टाकली. परीक्षकांपैकी एक रडल्या, दुसऱ्यांनी स्टेजवर जाऊन तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, संस्कार, संस्कार. सूर हा शब्द त्या दहा मिनिटांत एकदाही आला नाही. दुसऱ्या दिवशी ती चित्रफीत प्रत्येकाच्या मोबाइलवर होती. शनिवार पेठेत मी पेटी दुरुस्तीला टाकायला गेले, तर तिथला माणूस मला ओळखून स्वतःचा कान धरून दाखवायला लागला. आणि काकूंचे पेढे आले ते याचे.

त्याच आठवड्यात क्रिएटिव्हचा फोन आला. "मॅम, तो कानाचा मोमेंट ना, खूप रॉ होता. रिस्पॉन्स वेडा आहे. या वीकला पण हवाय आम्हाला. पण ती म्हणते, मी आता चुकणार नाही, मी तयारी केलीये. तुमचं ऐकते ती. तुम्ही सांगाल का प्लीज?"

मला आधी कळेचना, सांगायचं काय. मग कळलं. त्यांना तिच्याकडून मुद्दाम सूर सोडून हवा होता. तिला चुकायला मी सांगायचं होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हे मी सांगणार नाही," असं म्हणून मी फोन आपटला. आणि मग मी काय केलं, तर काही नाही. तिला फोन केला नाही.

का नाही केला, याचं उत्तर मी स्वतःला अनेक प्रकारे दिलं आहे. खरं उत्तर असं की आमच्यात गुरू आपणहून फोन करत नाही. शिष्य विचारतो, गुरू सांगतो. माझे गुरू गेले तोपर्यंत त्यांनी मला एकदाही आपणहून बोलावलं नव्हतं, मीच जायची. मला वाटलं, काही अडलं तर ती विचारेल. आणि माझी विद्यार्थिनी मुद्दाम बेसूर गाणार नाही, एवढी माझी खात्री होती. तिच्या कानावर माझा विश्वास होता. ती बारावीतली मुलगी आहे, परक्या शहरात हॉटेलात राहते आहे आणि तिच्याभोवती दिवसभर मोठी माणसं काहीतरी समजावत आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ती चुकली. त्याच आठवड्यात, वरच्याच गंधाराला. फक्त या वेळी तो केसभर उतरला नव्हता, बहिऱ्यालाही कळावा इतका खाली होता. हात कानाला, मग बासरी, मग संस्कार. मी टीव्ही बंद केला.

नंतर तिच्या वडिलांकडून कळलं. चॅनलच्या मंडळींनी तिला सांगितलं होतं, बाईंशी बोलणं झालंय आमचं. "ती दिवसभर फोन हातात घेऊन बसली व्हती, बाई. शूटिंगला फोन काढून घेत्यात, तोवर. म्हणली, बाईंना पटलं नसतं तर बाईंनी फोन केला असता." बोलणं खरंच झालं होतं. त्यांना खोटंही बोलावं लागलं नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तोवर लोक कंटाळले होते. मोबाइलवर जे आधी रडत होते तेच आता लिहायला लागले, की नाटकी आहे, रोज रोज काय कान धरते. मतं कमी पडली, ती बाहेर गेली. चॅनलने तिला एक मोठा पुठ्ठ्याचा फलक दिला आणि गाडीने लोणीला सोडलं. पोरीच्या गळ्यात देवाने ठेवलेली एक गोष्ट आणि मी दोन वर्षं खपून तिच्या कानात ठेवलेली दुसरी, दोन्ही वापरून झाल्या होत्या.

पुढे गणपतीत, नवरात्रात तिला मंडळांची बोलावणी यायला लागली. तिथेही निवेदक म्हणायचा, ते कानाचं होऊन जाऊ दे एकदा. ती करायची. तिच्या वडिलांनी मला हे सांगताना मान खाली घातली होती. त्यांना बोलायला माझ्याकडे तोंड कुठे होतं?

दिवाळीनंतर एका रविवारी साडेसातला बेल वाजली. डबा घेऊन ती दारात उभी होती. नमस्कार केला, सतरंजीवर बसली. मी तिच्या पट्टीत, काळी चारला, तानपुरा सुरू केला आणि म्हटलं, "भूप गा."

ती गायली. आवाज तोच. आलाप वर सरकायला लागला तशी मी पेटी सोडून नुसती ऐकत बसले. ती वरच्या गंधारावर गेली आणि तो लागला. अगदी जिथे लागायला हवा तिथे, हलवायला जागा नाही असा. आणि ती थांबली. तिचा हात कानाला गेला. चेहरा किंचित उजवीकडे वळला, कॅमेरा असायचा तिकडे, आणि डोळे भरून आले.

"का थांबलीस?" मी विचारलं.

"चुकला ना, बाई?"

"तुला काय ऐकू आलं?"

ती माझ्या भुवयांकडे बघत राहिली. मग हात खाली घेत म्हणाली, "मला आता कळत नाही, बाई. तुम्हीच सांगा ना."

मला त्या क्रिएटिव्हला इथे, या सतरंजीवर आणून बसवायचं होतं. त्या रडणाऱ्या परीक्षकांना, पेढेवाल्या काकूंना, सगळ्यांना. ऐका म्हणावं, तुमचा मोमेंट. पण खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि फोन न करणारी बाई त्यांतली एक होती.

"सूर बरोबर होता," मी म्हटलं. "चूक माझी आहे. मी तुला फोन करायला हवा होता." आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा विद्यार्थिनीसमोर माझ्या कानाला हात लावला.

मी तानपुऱ्याचा आवाज थोडा वाढवला आणि खालचा सा लावला. थोड्या वेळाने तिनेही लावला, आणि लावताना माझ्या भुवईकडे बघायला लागली. मी पाठ फिरवून बसले.