गार्नेटच्या पोटातला कण

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. पण जात्याला टाकी लावण्यात कोल्हापुरात माझा हात धरणारा कोणी नव्हता. जाती गेली, तसा मी एका कॉलेजात, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लागतात ते दगडाचे काप करायला लागलो. काचपट्टीवर चिकटवलेला काप पूड-पाणी घालून घासायचा, पार उजेड आरपार येईपर्यंत.

दोन वर्षांमागं तिथं एक तरणा साहेब आला. आल्या दिवसापासून त्याचं नि माझं जमलं नाही. त्यानं लडाखहून एक दगड आणला होता. त्यात गार्नेटचे तांबडे खडे, आणि एका गार्नेटच्या पोटात सुईच्या टोकाएवढा कण.

"हा साधा फेल्डस्पार नाही, काका. कोकचेटाव्हाइट असावा. भयंकर दाबाखाली, फार खोल जाऊन आलेल्या दगडात सापडलेला हा खनिज-प्रकार. एवढा एकच मिळालाय. गार्नेटच्या कवचामुळं टिकलाय, तेव्हा वर पापुद्रा राहू द्या. उघडा करू नका."

"दगड मला शिकीवतोयस व्हय?"

"जमत नसेल तर सांगा. पुण्याला मशीन आहे."

मशीनचं नाव काढलं आणि माझं डोकं फिरलं. कण धूसर दिसत होता. झाकलेलं काम मी आयुष्यात कुणाला दिलेलं नाही. म्हटलं, उघडा करून आरशागत चकचकीत देतो, मग बोलू दे मशीनचं. चार हात जादा मारले.

साहेबानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"कण कुठाय?"

"हाय की तिथंच."

"तिथं खड्डा आहे!"

मी वाकून बघितलं. खड्डाच होता. कण निखळून घासायच्या पाण्याबरोबर गेला होता, आणि ते पाणी मी केव्हाच मोरीत ओतलेलं.

"तुजा दगडच कच्चा," मी म्हणालो.

"दगड नाही, तुमची नजर गेलीय. यापुढं माझ्या कापाला हात लावायचा नाही. घरी बसा."

"बसतो. तुज्यासारख्याच्या हाताखाली राबण्यापरास घर बरं!"

पिशवी उचलली आणि कसबा बावड्यातल्या घरापर्यंत तरातरा चालत आलो.

दोन दिवसांनी बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मग जावा की, चुकलं म्हणा."

"म्हटल्यानं कण परत येतोय व्हय?"

"कण न्हाय येत. पर त्या पोराची मेहनत गेली न्हवं?"

"त्यानं मला घरी बसवलंय. मी त्याच्या दारात जाणार न्हाय."

चूक माझीच होती. इथं लिहितोय तेवढं बास. त्याच्या तोंडावर आजही म्हणणार नाही.