सईची दाढ आणि आमच्या मॅडम

मुलाला 'आ कर' म्हणण्याआधी मॅडम मोठ्यांची तोंडं बंद करायच्या. घाटकोपरच्या आमच्या पालिका दवाखान्यातल्या त्या दातांच्या डॉक्टर. मूल खुर्चीत बसलं की आई, आजी, मावशी एकदम सुरू होत. "ब्रशच करत नाही, मॅडम." "ऐकतच नाही कुणाचं." मॅडम हात वर करायच्या. "थांबा जरा. दात त्याचा आहे ना? मग त्याला बोलू द्या." आवाज खणखणीत, पण चेहरा इतका थकलेला की आपणच उठून त्यांना खुर्ची द्यावी असं वाटे.

त्या खारदांड्याच्या. आई मासळी विकायची, हे न विचारता सांगत. "आई माशाचा कल्ला उघडून गिऱ्हाइकाला दाखवायची, मी जबडा उघडून बघते. धंदा तोच," असं म्हणून स्वतःच हसत. एवढ्या लांबून येऊन दुपारपर्यंत पार गळून जात. पाय सुजलेले, चहा निवलेला. तरी "चला, पुढचं तोंड" म्हणत उभ्या राहत.

माझी सई तेव्हा दुसरीत होती. एकाच बाजूने चावायची, गार काही लागलं की कळवळायची. तिच्या मागच्या दाढा आल्या त्याच पिवळट, खडूसारख्या ठिसूळ. डावीचा तर तुकडाही पडला होता. सासूबाई म्हणाल्या, "दुधाची आहे, पडेल नि नवी येईल." आम्ही सगळ्यांनी ते मानलं. पिवळेपणा म्हणजे मळ, असं समजून रोज मीठ लावून घासणंही चालू होतं, आणि सईचं रडणंही.

मॅडमनी आत डोकावून उसासा टाकला. "अगं, ही दुधाची नाही. मागच्या मागे गुपचूप येते, आधीचा कुठला दात पडत नाही, म्हणून घरोघरी हाच घोळ. ही गेली की गेली. आणि घासू नकोस. हा मळ नाही. दाढ हिरडीखाली तयार होतानाच तिचं वरचं कवच कच्चं राहिलंय. म्हणून ठणकते, म्हणून पटकन किडते."

मी लगेच सुरू झाले. पोटुशी असताना मला जेवण जात नव्हतं, बाळपणी तिला सारखा ताप यायचा, तेव्हाची ती औषधं... मॅडमनी मलाही थांबवलं. "कशामुळे झालं, ते नक्की मलाही सांगता येणार नाही. तू दाढ वाचवायला आलीस की गुन्हेगार पकडायला?" घरात सगळ्यांची बोटं माझ्याकडे होती. या बाईने ती खाली केली. मी बाहेरच्या बाकावर बसून रडून घेतलं.

उजव्या दाढेवर स्टीलची टोपी बसवायची ठरली. इंजेक्शन देऊनही सई किंचाळली. मी वैतागून म्हणाले, "नाटकं करू नकोस गं!" मॅडमनी यंत्र बंद केलं. "ती दुखतंय म्हणते ना? मग दुखतंय. असल्या दाढा लवकर बधिर होत नाहीत. राहू दे आज, परत या." कामावर रजा मागून मागून मी कंटाळले होते. मॅडमही कंटाळलेल्या दिसत, पण सईला त्यांनी ते कधी कळू दिलं नाही. शेवटी टोपी बसली.

डावी मात्र भुगा होत गेली. जितक्यांदा भरली, तितक्यांदा भरलेलं निघालं. एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "काढूया. आत्ता काढली तर हिच्या मागून अजून यायची आहे ती दाढ पुढे सरकून जागा भरेल, अशी आशा आहे."

"मग नवी येईल ना, मॅडम?" सईने विचारलं.

"नाही गं बाळा. ही परत येत नाही."

दाढ काढून झाल्यावरही मॅडम हातमोजे न काढता बराच वेळ बसून होत्या. मला त्यांची फार कीव आली, आणि तितकंच प्रेमही वाटलं.

पुढच्या तपासणीला गेलो तर खुर्चीशी एक तरुण डॉक्टर. मॅडमच्या पाठीने दगा दिला, त्यांनी निवृत्तीच्या आधीच नोकरी सोडली, असं नर्सने सांगितलं. निरोप घ्यायचाही राहिला.

नव्या डॉक्टरांनी सईच्या तोंडातली रिकामी जागा बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "एवढ्याशा वयात दाढ गेली? घरी लक्ष देत नाही का कुणी?"

माझी मान सवयीने खाली गेली. तेवढ्यात सई खुर्चीतून म्हणाली, "माझी दाढ आलीच तशी होती. आईने काही नाही केलं."

तेव्हा मॅडम तिथे हव्या होत्या.