धुऊन दिलेला डबा

"बाकी काय बोलायचं ते बोलायचंस बने, पोराला मधी घ्यायचं नव्हतंस."

"बारातलं बोलणं वड्याच्या पाण्याबरुबर जातं. लागत असतं तर आपुन समद्या कवाच मेलो असतो."

हे मी परड्यात भांडी घासताना कुडापलीकडून ऐकलं. एकाहत्तरचा श्रावण होता. बोलणाऱ्या दोघी सख्ख्या बहिणी. धाकटी बनुबाई माझी शेजारीण, थोरली शालूबाई ओढ्यापलीकडच्या गावात दिलेली. भांडता भांडता दोघी एका ताटातली दिंडं खात होत्या, म्हणून मला ते भांडण काही खरं वाटलं नाही.

मी आष्ट्याची. आमच्याकडे नागपंचमी म्हणजे शिराळ्याचे नाग. लग्न होऊन सातारा जिल्ह्यातल्या या गावात आले तेव्हा कळलं, इकडं नाग बायकांच्या तोंडात असतात. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर दोन गावांतल्या बायका उभ्या राहायच्या. हलगी वाजली की हात नाचवून एकमेकींना शिव्या द्यायच्या. त्याला बार म्हणत. बार नीट झाला नाही तर पाऊस जातो, अशी समजूत. बार संपला की ओढा ओलांडून एकमेकींकडे दिंडं पोचवायची. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. म्हणून पुरण कणकेत चौकोनी घडी घालून वाफवायचं, ते दिंड. वर तूप. आणि ज्या भांड्यातून आलं ते भांडं रिकामं परत द्यायचं नाही. घरात काही नसलं तर गुळाचा खडा तरी टाकायचा. शालूबाई लाह्या भरून द्यायची.

बनुबाईसारखा बार कुणाला जमत नसे. जोंधळा राखायला माळ्यावर चढली की गोफणीला काम नसायचं, पाखरं तिच्या आवाजानंच उठायची. पोटी मूल नव्हतं. शालूबाईचा लालासाहेब अर्धा तिच्याच घरी वाढला. पुढं तो फौजेत गेला. त्या साली बारात बनुबाई ओरडली, "शाले, तुजा फौजी येतोय कशाला! तिकडंच बायकू करून ऱ्हाईल, तुला नुसती पेटी धाडील!"

दोन्ही काठ हसले. शालूबाईचा वर केलेला हात तेवढा खाली आला. मी ऐकलं ते भांडण त्याच संध्याकाळचं.

डिसेंबरात लढाई झाली. लालासाहेब तिकडंच राहिला, त्याची मातीही तिकडंच झाली. घरी आली ती पेटी. काळी, वर पांढऱ्या अक्षरांत नाव.

बनुबाई भेटायला गेली, तर शालूबाई तिला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

पुढच्या श्रावणात बनुबाई बाराला काठावर उभी राहिली, पण तोंड उघडलं नाही. बहात्तरला पाऊस गेला तो सगळ्या मुलखातून गेला, पण आमच्या गावानं तो बनुबाईच्या नावावर घातला. आमच्या आळीतली सुलाबाई पाणवठ्यावर म्हणायची, हिचं तोंड बंद तर आभाळाचंही बंद. बनुबाईनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. तेव्हा मला तिची भीती वाटायला लागली.

आदलं सालही ओढीचंच गेलेलं, त्या पंचमीला बनुबाईच्या घरात ना डाळ ना गूळ. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथं खायला मिळणारी सुकडी, गोड पिठाचा भुगा, राखून ठेवली आणि पुरणाऐवजी तीच दिंडात भरली. पितळी डबा घेऊन पलीकडे गेली. शालूबाईनं दिंडं काढून घेतली, डबा राखेनं घासला, धुतला आणि दारातल्या दगडावर ठेवला. रिकामा.

तेव्हापासून दर साली तसंच. दिंडं परत केली असती तर भांडण झालं असतं, आणि भांडण झालं असतं तर कधीतरी मिटलंही असतं. शालूबाई दिंडं ठेवून घ्यायची. खायची की म्हशीला घालायची, देवाला ठाऊक. बनुबाई म्हणायची, "आज ना उद्या खडा टाकंल. हात आखडलाय तिचा, मन न्हाई आखडलेलं." मी हो म्हणायची. शेजारणीनं आणखी काय म्हणायचं?

एकोणऐंशीला तिचे पाय सुजले. त्या सालचे गणपती काही तिनं पाहिले नाहीत, त्याआधीच गेली. पण पंचमीला भिंतीला टेकून पुरण वाटलं. मी म्हटलं, आवं, मी देऊन येते डबा.

"तू नेलास अंजना, तर ती खडा टाकंल," ती म्हणाली. "पर तो तुला टाकल्याला आसंल."

मग दुसऱ्या दिवशी मी नुसती तिचा दंड धरून बरोबर गेले. बार उरकला होता. ओढ्याला गुडघाभर गढूळ पाणी. शालूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती, तिचेही केस आता पांढरे झालेले. बनुबाईनं डबा पुढं ठेवला. शालूबाई तो घेऊन आत गेली. आत एकदा भांडं वाजलं आणि मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. बनुबाईनं माझा हात घट्ट धरला.

शालूबाई बाहेर आली. बनुबाईच्या सुजलेल्या पावलांकडे तिनं पाहिलं, डबा दगडावर ठेवला आणि सूप पुढं ओढलं.

बनुबाईनं झाकण काढून आत बघितलं. आतलं पाणी पदरानं टिपलं, झाकण लावलं, डबा काखेत मारला.

"येते गं," ती म्हणाली, दर साली म्हणायची तशी. आणि आम्ही ओढ्यात उतरलो.