पांढरीचं टेकाड आणि माझं 'निरंक'

नोकरीच्या पहिल्या वर्षात मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द म्हणजे 'निरंक'. ज्यांचा सरकारी कागदाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वरून विचारणा येते, की तुमच्या गावात अमुक आहे काय, असल्यास किती. नसेल तर त्या रकान्यात 'निरंक' लिहायचं, खाली सही ठोकायची आणि कागद तालुक्याला धाडून द्यायचा. मी ग्रामसेवक म्हणून रुजू झालो त्या दिवशी एका जुन्या ग्रामसेवकानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आहे म्हणून लिहिलंस की दुसरं पत्र येतं. निरंक लिहिलंस की फाईल झोपते." मला ते इतकं पटलं, की वर्षभर मी फाईली झोपवण्याचंच काम केलं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेरीतल्या टेबलांवर अजून उस्मानाबादची अक्षरं होती, लेटरहेडवर जुनं नाव खोडून नवं लिहिलेलं असायचं, तरी आम्हाला त्याचा काय अभिमान! बाहेरगावी कुणी विचारलं की आम्ही जरा मोठ्यानंच 'जिल्हा लातूर' म्हणायचो. नव्या घरात आलेली माणसं जशी सगळे डबे उघडून बघतात, तसं नव्या जिल्ह्याला सगळं विचारायचं होतं. विहिरी किती, शाळा किती, झाडं किती. रोज एक पत्र.

आणि त्याच साली पाऊस दडी मारून बसला. आमच्या उदगीर तालुक्यात पिण्याचं पाणी बैलगाडीनं येत होतं. देवणीचे ते देखणे बैल, ज्यांच्यावर पोरींच्या लग्नापेक्षा जास्त लक्ष असायचं, त्यांच्या फासळ्या मोजता येत होत्या. माझ्या हाताखालच्या गावात रोजगार हमीचा रस्ता निघाला होता. गावापासून मोठ्या सडकेपर्यंतचा, कच्चा. आसपासच्या चार गावांची माणसं त्यावर येत होती, आणि त्यात माझी माय होती.

माझं आणि मायचं यावरून भांडण झालं होतं. आमच्या घरात सरकारी नोकरी लागलेला पहिला माणूस मी. मुलगा ग्रामसेवक आणि आई डोक्यावर टोपलं घेऊन त्याच्याच गावच्या रस्त्यावर, हे मला लाजिरवाणं वाटायचं. तसं मी बोलून दाखवलं.

"तुजी नौकरी तुजी, माजे हात माजे," माय मनली, म्हणजे म्हणाली. "दोगी बहिणी उजवायच्या हायत्या. आन् लाज वाटायचं काम मी अजून केलेलं न्हाई."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. कामावर गेलो तर ती मला ओळख देत नसे. इतर बायांसारखं "भाऊसायेब" म्हणायची आणि पदर सावरून पुढं जायची. ती मुद्दाम करते हे मला कळायचं आणि राग यायचा.

रस्ता गावाबाहेरच्या एका टेकाडाच्या कडेनं जाणार होता. त्याला सगळे 'पांढर' म्हणायचे. काळ्याभोर रानात हे एवढंच टेकाड पांढुरकं, राखेसारखं भुसभुशीत. आमच्याकडं घरांना माळवदाची सपाट छपरं. पावसाळ्याआधी छपरावर पांढरी माती अंथरून चोपली की पाणी आत येत नाही. ती माती याच टेकाडातली. पिढ्यान् पिढ्या गाडीनं नेलेली. शिवाय खत म्हणून रानातही टाकायचे. आता दुष्काळात रस्त्याच्या भरावासाठी पांढर खोदायला सोपी म्हणून मुकादमानं बायांना तिथंच चौकड्या आखून दिल्या होत्या. चौकडी म्हणजे मोजून आखलेला चौकोनी खड्डा.

त्या दिवसांत ते पत्र आलं. जिल्ह्यात पुरातत्त्वाचं सर्वेक्षण व्हायचं आहे, तरी आपल्या गावात जुनी वसाहत, खापरं, विटा, मूर्ती, नाणी असल्यास कळवावं. मी पत्र वाचलं तेही अर्धंच. 'निरंक' लिहिलं, सही केली, पाठवलं.

महिन्याभरात उदगीरला सगळ्या सरपंचांची आणि ग्रामसेवकांची बैठक बोलावली. पुरातत्त्ववाले साहेब आले होते. किडकिडीत, पन्नाशीचे, उन्हानं रापलेले. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर खापरांचे तुकडे मांडले. सरपंच मंडळी एकमेकांकडं बघून हसायला लागली. जेवणाची वेळ झाली आणि साहेबानं खापरं वाढली, असं कुणीतरी पुटपुटलं.

साहेब शांतपणे सांगत राहिले. गाव पांढरं का असतं, तर तिथं शेकडो वर्षं माणसं राहतात, चुली पेटतात, राख साचते, भिंती पडतात, त्यावर दुसऱ्या भिंती उभ्या राहतात. जिल्हा नवा आहे, पण गावं नवी नाहीत. ती किती जुनी आहेत हे ग्रामपंचायतीलाच ठाऊक नसेल तर बाहेरच्या माणसाला कसं कळणार?

आमचे सरपंच उठले. गडी दिलदार, पण थट्टेशिवाय त्यांचं पान हलायचं नाही. "सायेब, असली खापरं आमच्या माळवदावर लई हायती. पाऊस आला की वरून आंगावर पडत्यात. पायजे तर गाडीभर धाडतो!"

सगळं सभागृह हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी गावाचं नाव विचारलं, समोरची फाईल चाळली आणि एक कागद वर काढला.

"तुमच्या गावचा अहवाल तर निरंक आहे. ग्रामसेवक कोण?"

मी उभा राहिलो. एवढ्या माणसांत मला माझीच सही दाखवली गेली. पहिलंच वर्ष, नोकरी अजून कायम नव्हती. खोटी माहिती दिली म्हणून एक नोटीस आली असती तरी घरी बसायची पाळी होती. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "गुरुवारी मी येतो. बघू या."

परत येताना जीपमध्ये सरपंचांची थट्टा पार आटली होती. त्यांना वेगळीच फिकीर पडली होती. साहेबानं टेकाड बघितलं की काम बंद. दुसरं काम दोन दिवसांच्या वाटेवर. गावातली माणसं मग पुण्या-मुंबईकडं चालू लागतील.

"भाऊसायेब, मी थट्टेत बोललो मनून सांगतो. तुमचं निरंक निरंकच ऱ्हाऊ द्या. गुरुवारपातूर सगळे मजूर पांढरीवर लावू. टेकाडच ऱ्हायलं न्हाई तर काय बगनार?"

खरं सांगतो, मला ते पटलं. माझी नोकरी वाचत होती, लोकांचं काम वाचत होतं आणि गमवायचं काय, तर खापरं. मी "हाव", म्हणजे हो, म्हणालो. आजही तो 'हाव' आठवला की माझी मलाच चीड येते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी कामावर गेलो. बाया चौकडीच्या सावलीत भाकरी सोडून बसल्या होत्या. सरपंचांचा निरोप मुकादमानं आधीच दिला होता: खोदकाम वाढवा आणि चौकड्यांमधले खांबही काढून टाका. हे खांब कशाचे ते सांगायला हवं. खड्डा किती खोल खणला हे नंतर मोजता यावं म्हणून प्रत्येक चौकडीच्या मधोमध मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा खांब तसाच सोडतात. ओव्हरसियर येतो, खांबाला टेप लावतो, तेव्हा कुठं मजुरी धरली जाते.

बायांनी खांब पाडायला साफ नकार दिला होता. आणि सगळ्यांच्या पुढं बोलणारी माझी माय.

"ओव्हरसियर माप घेऊन जाईस्तोवर खांबाला हात लावायचा न्हाई," ती मुकादमाला सांगत होती. "आमचा घाम त्या खांबात हाय."

मी तिला जरा बाजूला घेतलं. पहिल्यांदाच कामावर मी तिला 'माय' म्हटलं. सगळं सांगितलं. निरंक, साहेब, गुरुवार, नोकरी. तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि कमरेची गाठोडी सोडली. आत शंखाच्या बांगड्यांचे तुकडे होते, लाल दगडाचे भोक पाडलेले मणी, एक भाजलेल्या मातीचा बैल. बैलाला वशिंड होतं आणि कान लांब, खाली पडलेले. थेट आमच्या देवणीसारखा.

"टोपल्यात टोचत्यात मनून काढून ठिवले," ती मनली. "तू काय लिव्हलास ते तू बग. पन ह्ये हाय."

मी पंचायतीत परत गेलो आणि सरपंचांना सांगितलं, की मी दिलेला 'हाव' मी परत घेतो. ते तोंड फिरवून निघून गेले. चांगले दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गुरुवारी साहेब आले. टेकाडाचा अर्धा लचका तोडलेला बघून त्यांचा चेहरा पडला. सरपंच, मुकादम, ओव्हरसियर, सगळे हजर. साहेब म्हणाले, "काम थांबवावं लागेल." बायांच्या हातातली टोपली जागच्या जागी राहिली. 

तेवढ्यात माय पुढं आली. "सायेब, ते खांब बगितले का?"

साहेब चौकडीत उतरले. खांबापाशी गेले आणि थांबले. खिशातली छोटी थापी काढून त्यांनी खांबाची एक बाजू हलकेच खरवडली. वरून खालपर्यंत पट्टे दिसत होते. माती, राख, परत माती, विटांची एक ओळ, राख, मग काळी जमीन. अशा पंधरा-वीस चौकड्या आणि प्रत्येकीत एक खांब.

"हे कुणी ठेवायला सांगितलं?"

"कुणी न्हाई. मापाला लागतंय," माय मनली. मग तिनं बोटानं दाखवत सुरुवात केली. वरच्या हातभरात लाल खापर, पातळ. विटांच्या वरपर्यंत तेच. विटांच्या खाली काळं, चकचकीत, बोटानं वाजवलं की टण्ण वाजणारं. अगदी तळाला जाडंभरडं, राखेनं माखलेलं. बांगड्या मधल्या थरात. बैल विटांच्या बरोबरीला. तिनं प्रत्येक टोपलं स्वतःच्या डोक्यावरून वाहिलं होतं. कोणत्या खोलीवर काय लागतं हे तिला पाठ होतं, आणि बाकीच्या बाया मधूनमधून "हाव, हाव, तितंच" करत होत्या.

साहेब चौकडीच्या काठावर बसून लिहीत राहिले. उन्हात, टोपी न घालता. मध्येच थांबून म्हणाले, "मावशी, जरा सावकाश." अंगणवाडीतल्या पोराला सांगावं तशी माय त्यांना सावकाश सांगू लागली. मी तिथं उभा होतो आणि माझी छाती एवढी फुगली होती, की ग्रामसेवकाची बॅग खांद्यावरून घसरलेली मला कळली नाही. जिला मी काम सोड म्हणत होतो ती हीच बाई. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्याच वेळी गावभर ओरडून सांगावंसं वाटलं, की ही माझी माय आहे.

मग पटापट ठरलं. पांढरीवरचं खोदकाम बंद. रस्ता पन्नास पावलं वळवायचा, भराव पलीकडच्या माळावरून आणायचा. माळ लांब, म्हणजे काम उलट वाढलं. ओव्हरसियरनं तिथंच नवीन आखणी केली. खांबांना टेप लावून जुनी मजुरीही धरली, आणि मग खांब साहेबांच्या ताब्यात दिले. सरपंचांचा सूर दुपारपर्यंत पालटला होता. चहाच्या टपरीवर ते सांगत होते, "आमचं गाव लातूरच्या लई आदीचं हाय!" जणू टेकाड त्यांनीच राखलं होतं.

मी साहेबांसमोर जुना अहवाल घेतला. निरंक खोडलं, बाजूला तारीख टाकून सही केली. साहेबांनी नवा कागद पुढं केला. शेवटचा रकाना होता, माहिती देणाऱ्याचे नाव. सवयीनं माझा पेन माझ्याच नावाकडं वळला. पहिलं अक्षर लिहूनही झालं होतं. ते खोडून मी मायचं नाव लिहिलं, पुढं 'मजूर' असं. साहेबांनी ते वाचलं आणि मान हलवली.

काही महिन्यांनी जिल्ह्याची टंकलिखित यादी तालुक्याला आली. त्यात आमचं गाव होतं आणि शेवटच्या रकान्यात तिचं नाव. एक प्रत मी घरी आणली. माय ज्वारी निवडत होती. मी तिला तिच्या नावावर बोट ठेवून दाखवलं. हजेरीपटावर तिनं ते शेकडो वेळा पाहिलेलं, त्यामुळं आकार तिला ओळखू आला.

"अंगठा कुटं लावायचा?"

"हितं अंगठा लागत न्हाई, माय."

"मंग नाव कशाला?"

"तू सांगितलंस म्हणून. टेकाडाचं."

तिनं कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला. चेहऱ्यावर हसू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. मग कागद माझ्याकडं देत, पुन्हा सुपाकडं वळत ती मनली,

"ते मी आदीच सांगिटलं असतं की रं. तू इचारलास कवा?"