सावडीचा राहिलेला दिवस

आषाढ लागला की मला आजही घरात बसवत नाही. आता शेत नाही, बैल नाहीत, गुडघे तर नावापुरतेच उरलेत, तरी मी खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत राहते. सून विचारते, काय हवंय तुम्हाला. काय सांगणार तिला? वाफ्यात भाताची रोपं वाढत चाललीत आणि लावायला माणसं नाहीत, ही धास्ती एकदा अंगात शिरली की शेत गेलं तरी ती जात नाही.

बदलापूरच्या पुढे, नदीच्या अंगाला आमची भाताची तीन खाचरं होती. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे नव्हते, दीर नव्हता. घरात सासूबाई, नवरा आणि मी. वर्षभरात नवऱ्याला अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही गावभर पेढे वाटले. पेढे खाता खाता गावाच्या मात्र लगेच लक्षात आलं की आमच्या घराचा एक गडी सावडीतून कमी झाला.

सावड म्हणजे हातउसन्या कामाची रीत. आज तुम्ही आमच्या शेतात लावणीला या, उद्या आम्ही तुमच्या शेतात येऊ. जितकी माणसं तुम्ही आणाल तितकीच आम्ही आणू. पैशाचा संबंध नाही. पण आमच्याकडे आता दोनच बायका, आणि लावणीचे दिवस मोजके. सगळ्यांची फेड आम्ही दोघी कधी करणार? त्या वर्षी कुणी तोंडावर नाही म्हणालं नाही, फक्त बोलवायला कुणी आलं नाही. मी संतापले. सासूबाई संतापल्या नाहीत, याचा मला आणखी संताप आला.

मी तेव्हा आठवड्यातून दोनदा भाजीची पाटी घेऊन अंबरनाथला उतरायची आणि कॅम्पात चालत जायची. लष्कराच्या रिकाम्या बराकींतून सिंधी निर्वासित येऊन राहिले होते. उल्हासनगर हे नाव नुकतं पडलं होतं, आम्ही आपले कॅम्पच म्हणायचो. एका लांबलचक बराकीत गोणपाटाचे पडदे लावून खोल्या केलेल्या, आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब. बायकांच्या हातात रोकड क्वचितच असायची, पण हात रिकामे नसायचे. एकीकडे शिलाई मशीन होतं, एक पापड लाटायची, एक सगळ्यांची पोरं सांभाळायची. पोरं सांभाळणारीला मशीनवाली झबलं शिवून द्यायची, मशीनवालीला पापडवाली पापड द्यायची. कुणाचं काय राहिलं ते सगळ्यांना तोंडपाठ. माझी वांगी, भेंडी, काकड्या त्याच चक्रात शिरल्या, आणि मला दोन पोलकी शिवून मिळाली. त्या मला अदी म्हणायच्या, म्हणजे ताई. मीही त्यांना अदीच म्हणू लागले.

लावणी तोंडावर आली तशी माझी झोप उडाली. रोप जून होऊन त्याला कांडं धरलं की मग ते लावलं काय आणि बैलाला घातलं काय, सारखंच. एका सकाळी मशीनवालीच्या दारात पाटी आदळून मी म्हटलं, तुमच्यात आहे तशीच रीत आमच्यातही आहे, येता का आमच्या शेतात? मोडक्या हिंदीत मी काय काय बोलले देव जाणे. तिने पडद्याआडच्या तिघींना हाक मारली. त्यांचं आपसात सिंधीत बराच वेळ चाललं. मग ती म्हणाली, येतो, पण बदल्यात तुम्हीही आमच्याकडे यायचं. मी हो म्हटलं. आमच्या सासूबाई पापड लाटतील की नाही, हा विचार तेव्हा मनात आलाच नाही.

चौघी आल्या. सुथणी, म्हणजे त्यांच्या सलवारी, गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरल्या, पहिल्याच पावलाला एक बसली आणि बाकीच्या हसून हसून बेजार झाल्या. रोपांची मूठ कशी धरायची ते सासूबाईंनी दाखवलं, पण चौघींपैकी एकीलाही सरळ ओळ धरता आली नाही. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे ओळ बांधाकडे निघालेली ती मध्येच नदीकडे वळलेली. बांधावरून जाणारे गावकरी थांबून बघायचे. एकाने विचारलं, हे भात लावलंय की रांगोळी काढलीय. मी खाली वाकून वाकड्या ओळी उपटून सरळ करायला लागले, तर सासूबाईंनी माझा हात धरला. कुणी दिलेल्या दिवसाला हात लावायचा नाही, एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तिघीच आल्या. चौथीच्या मुलाला ताप होता. पण शेत लागलं. वाकडं का होईना, लागलं.

बेणणी, म्हणजे भातातलं तण काढणं, उरकून भाद्रपदात जरा उसंत मिळाली तशी सासूबाईंनी लुगडं बदललं आणि म्हणाल्या, चल, फेडायला. मी म्हटलं, भाजी देऊन टाकू की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प चपला शोधू लागले. त्यांच्या लेखी दिवसाची फेड दिवसानेच, तीही आपल्या अंगाने. मग आम्ही दोघी त्या बराकीत दिवस घालू लागलो. मी पोरं सांभाळली, बटणं लावली. सासूबाई पापड लाटायला बसल्या. सिंधी पापड पातळ, आरपार दिसेल असा. सासूबाईंच्या हाताला भाकरीची सवय. त्यांचे पापड बघून पापडवालीने ओढणीआड तोंड लपवलं. बाजारात ते कुणी घेतले नसते. पण तिने एकही पुन्हा लाटला नाही. ते पापड त्यांनी घरातच खाल्ले, आणि दिवस फिटला असं मान्य केलं. मला वाटलं, झालं, सुटलो.

तेव्हा कळलं की चौथी तिथे नव्हती. तिच्या नवऱ्याला दूर कुठेतरी दुकान मिळालं होतं आणि दोन आठवड्यांपूर्वीच बिऱ्हाड हललं होतं. कुठे, ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. एकीने अजमेर म्हटलं, दुसरीने इंदूर. तिचा एक दिवस आमच्यावर राहिला.

मी म्हटलं, तिच्याऐवजी मशीनवालीला एक दिवस जास्त देऊ. सासूबाई नाही म्हणाल्या. देवळात नारळ वाढवू. नाही. मग काय करायचं? ज्या घरावर कुणाचा दिवस राहिलाय त्या घराने लावणीला कुणालाही हाक मारायची नाही, हा सावडीचा नियम. तो मला ठाऊक होता, पण तो इतका खरा असेल असं वाटलं नव्हतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. दळताना, शेणी थापताना त्या मध्येच थांबायच्या आणि बोलायच्या, एक दीस ऱ्हायलाय. मला त्या वाक्याचा वीट आला. एकदा मी जात्याचा खुंटा सोडून उठले आणि म्हटलं, ती बाई विसरूनही गेली असेल. त्या म्हणाल्या, ती इसरंल, आपण कसा इसरायचा?

आषाढ आला. रोपं वर आली. मी रोज वाफ्यावर जाऊन बघायची, आणि रोज ती बोटभर वाढलेली वाटायची. कॅम्पात हवा बदलली होती. मशीनवाली आता एका कारखानदाराकडे दिवसभर शिवायला जायची, पापडवालीने माल पुरवायचं काम धरलं होतं. तिसरीला दिवस गेले होते. त्यांना कोणत्या तोंडाने ओढून आणायचं? आणि आणायचं म्हटलं तरी सासूबाई हाक मारू देत नव्हत्या. दोघींनी मिळून किती लावणार? फार तर एक खाचर.

नवऱ्याने शेवटी विषय काढला. शेजारी आमचं शेत अर्धेलीने, म्हणजे निम्म्या वाट्यावर, करायला तयार होता. कधीचाच तयार होता. पण तेव्हा कूळकायदा नवा होता, आणि एकदा दुसऱ्याने जमीन कसली की ती परत हातात येईल याची खात्री गावात कुणीच देत नव्हतं. नवरा म्हणाला, पडीक टाकण्यापेक्षा बरं. दोन दिवसांनी सकाळी शेजारी येऊन बैल घालणार, असं ठरलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चुलीपुढे बसून होत्या. मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात त्यांच्यावर तेवढी कधी ओरडले नव्हते. म्हटलं, एका परक्या बाईच्या एका दिवसापायी तुम्ही तुमच्या सासऱ्याची जमीन घालवताय.

त्या उठल्या, काठी घेतली आणि म्हणाल्या, "चल कॅम्पात. त्या खोलीत जाऊ."

वाटेत मी त्यांना शंभर वेळा सांगितलं असेल की ती तिथे नाही. त्या थांबल्या नाहीत. चौथीच्या खोलीचा पडदा त्यांनी बाजूला सारला. आत एक अनोळखी बाई होती, बारीक, तिशीची, कडेवर पोर. ती कुठल्यातरी दुसऱ्या कॅम्पातून नुकतीच तिथे आली होती. कोपऱ्यात तीन विटा मांडून तिने भांडं ठेवलं होतं आणि खोलीभर धूर. आम्हाला बघून ती आधी पोराला घेऊन भिंतीकडे सरकली. खोली रिकामी करायला कुणीतरी आलंय असं तिला वाटलं असणार.

सासूबाईंनी काठी टेकवली आणि आपल्या बोलीत म्हणाल्या, "दीस मानसाचा नसतो, घराचा असतो. मानसा येतात नि जातात. ह्या घराचा एक दीस आमच्यावर हाय. काय काम हाय ते सांग."

मी हिंदीत सांगितलं, जमेल तसं. तिने मला ते दोनदा सांगायला लावलं. मग ती विचारत राहिली, कोणाचं घर? हे घर? सासूबाईंना तेवढा धीर नव्हता. त्यांनी त्या तीन विटांकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि मला माती आणायला पाठवलं. बराकीमागे नाल्याच्या कडेला चिकण माती होती. ती पायाने मळली, भुसा मिळाला तो घातला, आणि दुपारपर्यंत कोपऱ्यात चूल उभी राहिली, बाजूला दुसरं भांडं ठेवायला वैल, धूर बाहेर जाईल असं तोंड खिडकीकडे. ती बाईही हळूहळू पुढे आली. मग पोराला खाली ठेवून पाणी शिंपायला बसली. संध्याकाळी सासूबाईंनी तिला खुणेने सांगितलं, चार दिवस पेटवू नको, वाळू दे. ती मान हलवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं धुरामुळे. पण विटांखालचा विस्तव आम्ही सकाळीच विझवला होता.

परत येताना सासूबाईंची काठी भराभर पडत होती. फिटला, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, फिटला, पण उद्या सकाळी शेजारी बैल घेऊन येतोय, आणि आता हाक मारायची तरी कुणाला? एरवी मला कोंडीत पकडणारी ही बाई त्या संध्याकाळी माझ्यापुढे मान खाली घालून चालत होती, आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

सकाळी शेजारी आला. बैल बांधावर उभे केले आणि तो तंबाखू मळत नवऱ्याशी बोलू लागला. मी वाफ्यावर जाऊन बसले. रोपांना हात लावून बघायचं धाडस होत नव्हतं.

स्टेशनच्या बाजूने पायवाटेवर बायका येताना दिसल्या. पाच-सहा असतील. बाकी सगळ्या अनोळखी, कॅम्पात नव्याने आलेल्या. पुढे ती कालची, पोराला पाठीशी बांधून. आमचं घर कुठे आणि लावणी कशी अडलीय, हे तिने मशीनवालीला विचारून काढलं होतं. बांधावर येऊन ती सासूबाईंसमोर उभी राहिली आणि हिंदीत बोलली, प्रत्येक शब्द वेगळा करून, म्हणजे म्हातारीला कळावं.

"माजी, यहाँ आने के बाद सबने मेरा बराक नंबर पूछा, कमरा नंबर पूछा. घर किसी ने नहीं बोला. आप मेरे घर आई थीं. मैं आपके घर आई हूँ."

सासूबाईंना त्यातला घर हा शब्द तेवढा कळला. त्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं, त्याच्या बैलांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"बसली काय हायस," त्या म्हणाल्या. "मूठ दे तिच्या हातात. आणि वाकडी लावली तर लावू दे."